रांगेच्या पुढे मी

२ सप्टेंबर, सोमवार. दुपार.

सगळ्यांच्या आधी आली ती खिडकीवाली. पाहुणे यायच्याही आधी. म्हणाली, साखर हवी होती. वाटी आणायला विसरली होती, डोळे मात्र बरोबर घेऊन आली होती. ही आमच्या समोर राहते, दिवसभर खिडकीत असते, गल्लीत मांजर शिंकलं तरी हिला आधी कळतं. तिच्या मागून शिंपीभाऊ, कोपऱ्यावरचं दुकान अर्धं ओढून, गळ्यात टेप तशीच. मग जुळ्यांची आई, मागे गल्लीतली सगळी मुलं. आणि मग कुठे ज्यांना बोलावलं होतं ते: शाळेच्या मोठ्या बाई, आणि रस्ते खात्यातले एक उंच साहेब. त्यांच्या गळ्यात दोरीला घड्याळ. मी मनात नाव ठेवून दिलं, घड्याळसाहेब.

आमचाच हॉल मोठा म्हणून मीटिंग आमच्याकडे. हॉल मोठा नाही, सोफा लहान आहे.

विषय असा. शाळा इथून चालत पंधरा मिनिटं. गाडीने पंचवीस. कारण सगळ्या घरांच्या गाड्या एकाच वेळी फाटकापाशी एकमेकींच्या अंगावर. आमचे चिरंजीव रोज तिथे हॉर्न वाजवत बसतात आणि घरी येऊन सांगतात की लोकांना शिस्त नाही. तर मोठ्या बाईंचं म्हणणं, गल्लीतल्या बारा मुलांनी एक रांग करून चालत यावं, बरोबर मोठं माणूस. धूर नाही, गर्दी नाही, मुलांचे पाय मोकळे. मला एकदम पटलं. मी तर सत्तर वर्षं हेच करते आहे, मला कुणी मीटिंग घेऊन सांगितलं नव्हतं एवढंच.

अडचण एक. मोठ्या चौकातला सिग्नल. तिथे मागच्या महिन्यात जुळ्यांपैकी एकाचं दप्तर स्कूटरखाली गेलं. दप्तर पाठीवर नव्हतं, ओढत नेत होता, म्हणून निभावलं. जुळ्यांची आई म्हणाली, महिनाभर बघेन, चौकाचं काही झालं नाही तर माझी दोन्ही परत गाडीत. घड्याळसाहेब म्हणाले, महिनाअखेर मी स्वतः येऊन मोजणार, रांगेला चौक ओलांडायला किती सेकंद लागतात, त्यावर सगळं ठरेल. पुढे वेळ पुरतो न पुरतो असं काहीतरी समजावत होते, तेवढ्यात आत दूध वर आलं. मी धावले. मोजणी म्हटलं की काय ते मला कळतं. लवकर पोचेल त्याला मार्क. तिसरी शिकले आहे मी, पहिल्या नंबरने. वर्गात चौघी होतो.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर घड्याळसाहेब विचारत होते, मग तुमच्या रांगेत सगळ्यात पुढे कोण? आणि सगळी मुलं एका आवाजात म्हणाली, आजी!

ट्रे हलला. दोन कप सांडले. खिडकीवालीच्या बशीत जास्त, ते एक बरं झालं.

२ सप्टेंबर, रात्रीचं जेवण व्हायच्या आत.

सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला झेपेल ना? मी म्हटलं, मुलांना झेपेल का ते बघ. ती म्हणाली, ठीक आहे, पण हे जमलं नाही तर एक ऑक्टोबरपासून चिमणीला व्हॅन. व्हॅनवाल्याशी बोलून ठेवलंय म्हणे. चिमणी म्हणजे माझी नात, तिसरीत आहे, माझ्याच इयत्तेत. व्हॅन लागली की ती सकाळी पावणेसातला घराबाहेर. मग सकाळी मी आणि खिडकीवाली, समोरासमोर, दोन खिडक्यांत.

ते होणार नाही. पुढारी मी आहे.

ही वही चिमणीची मागच्या वर्षीची, गणिताची, अर्धी कोरी. आजपासून माझी. तांदळाच्या डब्यात ठेवते, तिकडे सूनबाई जात नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार. पहाटे.

नियम केले.
रस्त्यात कुणाशी बोलायचं नाही.
औषधवाल्याच्या दुकानापाशी थांबायचं नाही.
गुडघ्याचं नाव काढायचं नाही.
रांग सुटायला नको म्हणून वाळत घालायची दोरी काढली, हातभर अंतरावर गाठी मारल्या. एका मुलाला एक गाठ. पहिली गाठ माझी. चिरंजीव विचारत होते, माझे शर्ट कुठे वाळत घालायचे. मी म्हटलं, तुम्ही गाडी काढत नाही आता, शर्ट मळणारच नाहीत.

४ सप्टेंबर, बुधवार. शाळेतून आल्यावर.

पहिला दिवस! सव्वासातला निघालो. पुढे मी, मागे दोरीला बारा मुलं, अगदी शेवटी शिंपीभाऊ. त्यांना मोठ्या बाईंनी नारिंगी जाकीट दिलंय, चमकत्या पट्ट्यांचं, आणि शिट्टी. एकच जाकीट होतं. बरोबरच आहे, मागच्या माणसाला दिसायला काहीतरी लागतंच. मी तशीही दिसते.

एक मनातलं. आमचे हे, देव त्यांना सुखात ठेवो, आयुष्यभर माझ्या दहा पावलं पुढे चालले. बाजार असो, लग्न असो, डॉक्टर असो. चाळीस वर्षं मी त्यांचं डोकं मागूनच बघितलं, टक्कल पडायला लागलं ते त्यांच्या आधी मला कळलं. आज पहिल्यांदा माझ्या पुढे कुणी नव्हतं. रस्ताच्या रस्ता मोकळा. वाटलं, यांना दिसायला हवं होतं.

मुलं फार दमतात बाई. सारखी हळू चालत होती. जुळे तर एक पाऊल टाकून उभेच राहायचे. मी मागे वळून म्हटलं, चला रे चला, ओढू नका मला. चिमणी म्हणाली, हो आजी, आम्ही येतोय, तू तुझं चाल.

नियम पहिला मोडला तो माझ्यामुळे नाही. औषधवाल्यानेच हाक मारली. त्याच्या बहिणीला मुलगी झाली. अशा बातमीला पाठ दाखवून कसं जायचं.

पंचेचाळीस मिनिटं लागली. शाळेचं घड्याळ पुढे आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार.

चव्वेचाळीस मिनिटं. सुधारणा.

७ सप्टेंबर, शनिवार.

शाळेत ट्रेनिंग होतं, दोन तास, मुलांना रस्त्यावरून कसं न्यायचं त्याचं. मला बोलावणं नव्हतं, तरी मी गेले. पुढाऱ्याशिवाय कसलं ट्रेनिंग. मागच्या बाकावर पंख्याखाली जागा मिळाली. घड्याळसाहेबांनी पडद्यावर बाणांची चित्रं दाखवली. डोळे मिटून ऐकलं की जास्त लक्षात राहतं. जाग आली, म्हणजे लक्ष वर काढलं, तेव्हा टाळ्या चालल्या होत्या आणि शिंपीभाऊंना सर्टिफिकेट मिळत होतं. माझं छापायला गेलं असणार. माझं नाव लांब आहे.

शिंपीभाऊ घरी येताना हळूच म्हणाले, आजी, चौकात फक्त एक करा, मी शिट्टी वाजवली की थांबा, दुसरी वाजवली की निघा. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही मागचं सांभाळा. त्यांना शिट्टीचा भारी नाद लागलाय. आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकला, आता बदल हवा असेल.

९ सप्टेंबर, सोमवार.

चौकाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं.

तिथे खांबावर डब्यात एक हिरवा माणूस लागतो. तो लागला की आपण निघायचं. पण हा हिरवा माणूस निघाल्या निघाल्या लुकलुकायला लागतो, मग लाल होऊन उभा राहतो, आणि आपण अजून मधल्या पट्ट्यापाशी. त्याचं काय जातंय, त्याला कुठे गुडघे आहेत. आज गाड्यांनी हॉर्न लावले. एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, ते लिहीत नाही, वही मुलीची आहे. शिंपीभाऊ धावत येऊन गाड्यांच्या पुढे हात पसरून उभे राहिले. रोज उभे राहतात. मला वाटायचं व्यायाम करतात.

मी मुलांना म्हटलं, घाबरू नका, मी आहे. तेव्हा दातपडकीने माझा हात धरला. ही औषधवाल्याची मुलगी, पहिलीत, पुढचे दोन दात नाहीत. बिचारी घाबरली होती. हात इतका घट्ट धरला, जणू मलाच ओढून नेते आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार.

शाळेतून चिठ्ठी. रांग रोज दहा मिनिटं उशिरा पोचते, तर आता पंधरा मिनिटं लवकर निघावं. खाली शिंपीभाऊंची सही. माझी सही का नाही, ते विचारलं. म्हणाले, तुम्हाला कशाला त्रास. चांगला माणूस आहे. बायको असती तर सांगितलं असतं तिला.

घड्याळाच्या चुकीसाठी लोकांनी लवकर उठायचं. असो.

१२ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

आज एक ऐकलं ते लिहिते आणि विसरते. मी आत डाळ निवडत होते. बाहेर चिरंजीव आणि सूनबाई. चिरंजीव म्हणाले, आईमुळे उशीर होतो. सूनबाई म्हणाली, पण चिमणी आईंशिवाय निघत नाही ना. चिरंजीव म्हणाले, चौकात मधे अडकतात गं ती सगळी, काही झालं म्हणजे? व्हॅनवाल्याला ॲडव्हान्स देऊन टाकू. सूनबाई म्हणाली, मोजणी होऊ दे.

सरळ सांगते. उशीर माझ्यामुळे नाही. मुलांमुळे आहे. पण मुलांचं नाव कसं घ्यायचं, म्हणून गप्प बसले. पुढाऱ्याला पोटात ठेवावं लागतं.

तरी डाळीतले खडे डाळीतच राहिले. रात्री एक चिरंजीवांच्या दाताखाली आला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.

नवा नियम. आता मागे वळून बघायचं नाही. वळलं की मान धरते.

१६ सप्टेंबर, सोमवार.

खिडकीवाली भाजीच्या गाडीपाशी भेटली. म्हणाली, काय बाई, सकाळी तुमची मिरवणूक बघायला मजा येते, मी चहा गाळायला घेते तेव्हा तुम्ही माझ्या घरासमोर, आणि चहा पिऊन कप धुतला तरी घरासमोरच. मी म्हटलं, आमच्यात या की मग, बसून बसून काय होणार. ती म्हणाली, मी आले तर तुम्हाला मागे टाकीन हो. मी हसले. तिला म्हटलं, तुम्ही आणि मला? तुमच्या चपला तरी कधी झिजल्यात का?

पण शब्द लागला. घरी येऊन चहा केला आणि कप धुवेपर्यंत मोजलं. तीनशे बत्तीस. मी फार हळू धुते, ती तशी नसेल.

१८ सप्टेंबर, बुधवार.

आली चिठ्ठी. शुक्रवारी सत्तावीस तारखेला घड्याळसाहेब चौकात मोजायला येणार. हिरवा माणूस वीस सेकंद असतो, ते चिमणीने मला सांगितलं. म्हणजे वीसच्या आत पोचायचं. सरळ आहे.

मी चिमणीला म्हटलं, बघ तुझी आजी काय करते. ती म्हणाली, काही करू नको आजी, रोज चालतेस तशीच चाल. मी म्हटलं, तशीच म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे अशीच, मस्त. माझ्यावर केवढा विश्वास पोरीचा.

१९ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी, सगळे बाहेर.

प्रॅक्टिस सुरू. हॉलच्या भिंतीपासून मोरीच्या दारापर्यंत चौदा पावलं. चौक म्हणजे असे दोन हॉल. पहिल्या खेपेला हॉल एक, वेळ तीस. हे धरत नाही, मधे स्टूल होतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार. दुपार.

हॉल एक, वेळ बावीस. स्टूल काढलं. काठी ठेवून दिली. काठीमुळेच हळू होतं, तीन पायांचा हिशोब ठेवावा लागतो.

२१ सप्टेंबर, शनिवार.

चपलेचाही दोष आहे. चिरंजीवांचे जुने कॅनव्हासचे बूट माळ्यावर होते. पुढे बोटांपाशी कापूस कोंबला. बाई, काय हलकं! हॉल एक, वेळ बारा. एकदा दहा. शेवटी भिंत आली म्हणून थांबले, नाहीतर अजून गेले असते. कपाळाला थोडं लागलं. सूनबाईला सांगितलं कपाट उघडं होतं.

२३ सप्टेंबर, सोमवार.

चिमणीने पकडलं. लवकर सुटली शाळा आणि मी हॉलमध्ये बूट घालून. एवढंसं तोंड झालं तिचं. म्हणाली, आजी, नको ना. म्हणाली, तू जोरात चाललीस तर. आणि नख चावत बसली. मी म्हटलं, पडणार नाही मी, घाबरू नको. ती म्हणाली, तसं नाही. मग कसं, विचारलं तर शिंपीभाऊंकडे पळाली. थोड्या वेळाने शिंपीभाऊ आले, सोफ्याच्या टोकावर बसले, टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली, चहा प्यायले, म्हणाले, आजी, शुक्रवारी अगदी सावकाश, नेहमीसारखं. मी म्हटलं, काळजी सोडा. ते म्हणाले, काळजी तीच आहे. आणि गेले.

सगळ्यांना माझ्या तब्येतीचं पडलंय. इतकी माया आहे या गल्लीत, मला माहीत नव्हतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार.

गुडघ्यांना तेल. बूट उशाशी. शिंपीभाऊंना सांगून ठेवलं की उद्या शिट्टी वाजवलीत तरी मी बघणार नाही, माझ्या वेगाने जाणार.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी अकरा.

जिंकले.

अगदी सविस्तर लिहिते. चौकात घड्याळसाहेब, मोठ्या बाई, आणखी एक वहीवाले. चिरंजीव आणि सूनबाईसुद्धा मुद्दाम आलेले. पलीकडच्या फूटपाथवर खिडकीवाली! आयुष्यात पहिल्यांदा खिडकीबाहेर. काठी मी घरीच ठेवली होती. हिरवा माणूस लागला. शिट्टी वाजली. आणि मी निघाले.

असे पाय टाकले की काय सांगू. दोरी ताणली, मुलं मागे धावायलाच लागली, दातपडकी ओरडत होती आजी हळू, आजी हळू. मला ऐकू येत होतं, पण थांबते कोण. मधला पट्टा गेला. टेम्पो गेला. हिरवा माणूस अजून हिरवा! तो लाल व्हायच्या आत पलीकडच्या फूटपाथचा दगड पायाला लागला. मागोमाग शेवटच्या गाठीचं मूलही चढलं आणि घड्याळसाहेबांनी बटण दाबलं. म्हणाले, एकोणीस.

एकोणीस!

वहीवाल्यांनी लिहून घेतलं. घड्याळसाहेब मोठ्या बाईंना काहीतरी म्हणाले, खांदे उडवले, तिघेही गेले. मुलं अगदी गप्प. मला वाटलं थक्क झाली असतील. खिडकीवालीचं तोंड उघडंच राहिलं, त्यात तर मला फार समाधान वाटलं. शिंपीभाऊंनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. एकही टाळी नाही. रस्त्यात टाळ्या वाजवायला लोक लाजतात.

मग मी एक पाऊल टाकायला गेले आणि टाकताच येईना. फूटपाथच्या कडेवर बसले ती अर्धा तास. मुलं शिंपीभाऊंबरोबर पुढे गेली. मला चिरंजीवांनी गाडीतून घरी आणलं. गाडीला आज पर्याय नव्हता, ते धरत नाही.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ.

चिमणी शाळेतून आली. दप्तर टाकलं, माझ्या पलंगावर बसली, आणि रडायला लागली. मी म्हटलं, अगं जिंकलो ना आपण. ती म्हणाली, हरलो आजी.

मग तिने सगळं सांगितलं. मोजणी लवकर पोचायची नव्हतीच. वीस सेकंद पुरत नाहीत, हे दाखवायचं होतं. पुरत नाहीत असं निघालं असतं तर हिरवा माणूस चाळीस सेकंद थांबला असता. आम्ही एकोणिसात गेलो, म्हणजे पुरतात. म्हणजे सिग्नल आहे तसाच. जुळ्यांची आई सोमवारपासून गाडी काढणार. दातपडकीच्या घरी पण तेच ठरतंय. आणि व्हॅनवाल्याला बाबा उद्या फोन करणार.

मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलं? चिमणी म्हणाली, त्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, तू दूध बघायला गेली होतीस. मी म्हटलं, पण नंतर? ती चादरीचा धागा ओढत बसली. मग म्हणाली, कारण मग ते पण सांगावं लागलं असतं.

ते पण म्हणजे हे. अशा रांगेत सगळ्यात पुढे पुढारी नसतो. सगळ्यात पुढे ठेवतात तो सगळ्यात हळू चालणारा. बाकीच्यांनी त्याच्या पावलाने चालायचं, म्हणजे मागे कुणी राहत नाही. साहेबांनी विचारलं होतं, तुमच्यात सगळ्यात हळू कोण, मग तोच पुढे. आणि सगळी मुलं म्हणाली, आजी. पुढारी शिंपीभाऊ. म्हणून जाकीट. म्हणून शिट्टी.

मी म्हटलं, पण मी तर शाळकरी मूल नाही, मला रांगेत घ्यायचंच कशाला? चिमणी म्हणाली, मी सांगितलं होतं, आजी नाही तर मी पण नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार.

काही नाही.

२९ सप्टेंबर, रविवार.

पलंगावरच. गुडघे उशीएवढे. चिरंजीव गरम पाण्याची पिशवी देऊन गेले, कुणी बोलत नाही. रागावून नाही, सांभाळून. ते जास्त लागतं.

पडल्या पडल्या यांची आठवण आली. दहा पावलं पुढे, चाळीस वर्षं. मी मागे आहे की गटारात पडले, एकदाही वळून बघितलं नाही. पुढे कुणाला ठेवायचं असतं, ते यांना कुणी सांगायला हवं होतं. चिमणीसारखं कुणीतरी.

बारा पोरं, पायात वारं भरलेलं, तीन आठवडे माझ्या पावलाने चालली. एक पाऊल टाकून उभी राहायची ती दमून नाही. आता कळतंय.

वही डब्यात ठेवली नाही आज. उशाखालीच.

३० सप्टेंबर, सोमवार. दुपार.

आधी आली खिडकीवाली. या वेळी वाटी घेऊन, आणि वाटीत साखर. म्हणाली, परत द्यायची राहिली होती. घेतलेली नव्हतीच, पण ठेवून घेतली. तिच्या मागून शिंपीभाऊ, आणि त्यांच्या मागून घड्याळसाहेब आणि मोठ्या बाई.

शिंपीभाऊंनी आज सकाळीच रस्ते खात्यात जाऊन सांगितलं म्हणे, शुक्रवारचं चालणं खरं नव्हतं. साहेब म्हणाले, नोंद झाली ती झाली, एकोणीस म्हणजे एकोणीस. तरी बघायला तरी चला म्हणून भाऊंनी आणलेच. टेप सोडून दुसरं काही ओढताना या माणसाला मी पहिल्यांदा बघितलं.

आता पाहुणे आले आणि मी पलंगावर पडून कशी राहणार. उठले. काठी घेतली. आतल्या खोलीच्या दारातून सोफ्यापर्यंत यायचं, म्हणजे बारा पावलं. निघाले. मधे एकदा भिंत धरली. एकदा स्टूल. सोफ्यावर टेकले आणि वर बघितलं तर घड्याळसाहेबांचं बोट घड्याळाच्या बटणावर. त्यांनी काही मुद्दाम केलं नसावं, सवय असते. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आधी ओठ चावून मग मोकळेपणी हसले. छप्पन्न, म्हणाले.

खिडकीवाली म्हणाली, यांची ही चाल नेहमीचीच. मी तीन आठवडे बघते आहे, चहा गाळते, पिते, कप धुते, तरी या माझ्याच घरासमोर. लागली तर सही देते. पहिल्यांदा तिच्या नजरेचा कुणाला उपयोग झाला. साहेबांनी खरंच सही घेतली.

मग मीच बोलले. म्हटलं, साहेब, शुक्रवारी मी बूट घालून धावले. चिरंजीवांचे, कापूस कोंबून. चूक माझी, शिक्षा मुलांना नको. मी हळूच चालते. सगळ्यात हळू. हे सगळ्यांसमोर म्हटलं, खिडकीवालीसमोरसुद्धा. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली आणि दूध वर आलं नव्हतं तरी बराच वेळ आतच राहिली. येताना डोळे पुसून आली. म्हणाली, व्हॅनला मी थांबवते, अजून काही दिवस.

साहेब म्हणाले, मग पुन्हा मोजू. काठी घेऊन, चपला घालून, नेहमीसारखं. मी विचारलं, आणि पुढे कोण? ते म्हणाले, तुम्हीच. दुसरं कुणी चालायचं नाही.

पाहुणे गेल्यावर चिमणीला म्हटलं, आता उद्यापासून हळू चालायची प्रॅक्टिस करते, मुद्दाम हळू चालायलाही मुरलेलं माणूस लागतं. चिमणी वही आवरत होती. मान वर न करता म्हणाली, आजी, राहू दे, तुला येतं ते.

शुक्रवारी येतो म्हणालेत. चार ऑक्टोबर, सकाळी सात.